ग्राउसच्या शिकारीवर गाव खरंच जगतं का? हिशेब कसा मांडायचा

प्रश्न थोडक्यात असा: प्रश्नकर्ते इंग्लंडच्या यॉर्कशर डेल्समधल्या, म्हणजे तिथल्या डोंगरदऱ्यांमधल्या, एका लहान खेड्यात राहायला गेले आहेत. पॅरिश कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीच्या, बैठकीत निम्मे लोक म्हणतात, 'ग्राउस पक्ष्याची शिकार बंद झाली की गाव संपलं.' बाकीचे म्हणतात, 'ही चार धनवंतांची चैन आहे, गावाला त्यातून काही मिळत नाही.' यातलं खरं काय आणि मत बनवण्याआधी कुठले आकडे बघावेत, असं त्यांनी विचारलं आहे.

माझ्या मते अडचण अशी की दोन्ही बाजू वेगवेगळ्या पैशाबद्दल बोलतात. एक बाजू एकूण किती खर्च झाला ते सांगते, दुसरी तो कुणी केला ते. गावाच्या दृष्टीने महत्त्वाचं आहे त्यातला किती पैसा त्या दरीत थांबला आणि शिकार नसती तर त्या जमिनीवर, त्या घरांत दुसरं काय असतं. याचं उत्तर प्रत्येक मूरवर, म्हणजे शिकारीसाठी राखलेल्या हेदरच्या माळरानावर, वेगळं येतं. मालक कोण, कीपर (मूर राखणारे पगारी रखवालदार) किती, हेदरच्या झुडपांखाली पीट (कुजलेल्या वनस्पतींची माती) किती खोल, गावात पर्यटक येतात का, या चार गोष्टींवर ते फिरतं. म्हणून सरसकट हो किंवा नाही म्हणणार नाही, पण हिशेब कसा लावायचा ते सांगतो.

आधी पक्ष्याबद्दल, कारण सगळं अर्थकारण त्याच्या स्वभावातून येतं. लाल ग्राउस हा जेमतेम सहा-सातशे ग्रॅमचा, जमिनीवर घरटं करणारा पक्षी. ब्रिटिश बेटांबाहेर तो नाही, आणि त्याचं मुख्य खाणं म्हणजे हेदर या झुडपाचे कोवळे शेंडे. फेझंट या दुसऱ्या शिकारीच्या पक्ष्याची पिल्लं पोल्ट्रीसारखी वाढवून रानात सोडता येतात, ग्राउसच्या बाबतीत ते व्यवहारात जमत नाही. तो रानातच वाढावा लागतो. त्यामुळे मालकाच्या हातात पक्षी नसतात, फक्त जमीन असते. हंगाम १२ ऑगस्ट ते १० डिसेंबर. इंग्लंडमध्ये रविवारी कायद्यानेच बंदी. जूनमध्ये पिल्लं असताना थंड पाऊस लागला, किंवा आतड्यातल्या कृमींनी उचल खाल्ली, की त्या वर्षी विकायला काहीच नाही. २०१८ साली वसंतातली कडक थंडी आणि नंतरचा कोरडा उन्हाळा यांमुळे अनेक मूरांनी आपले दिवस रद्द केले होते.

पैसा मिळवून देणारी पद्धत म्हणजे हाक्याची शिकार. आठ-दहा बंदुकवाले एका रांगेतल्या आडोशांमध्ये उभे राहतात. या आडोशांना 'बट' म्हणतात. ते अर्धे जमिनीत खोदलेले, दगडाचे किंवा लाकडाचे, वर गवताची ढेकळं लावलेले आणि एकमेकांपासून साधारण ४०-५० यार्डांवर असतात. शेजाऱ्याच्या दिशेने बंदूक फिरू नये म्हणून दोन्ही बाजूंना काठ्या रोवतात. समोरून वीस-तीस बीटर, म्हणजे आपले हाकारे, झेंडे फडकवत येतात. पक्ष्यांनी कडेने निसटू नये म्हणून दोन्ही टोकांना फ्लँकर उभे असतात. हाकारे जवळ आले की पहिलं शिंग वाजतं. त्यानंतर समोर गोळी झाडायची नाही, फक्त मागे. दुसऱ्या शिंगाला बंदुका रिकाम्या. मग कुत्रीवाले पडलेले पक्षी शोधून आणतात. दिवसात असे चार-पाच हाके होतात. एवढं तपशिलात सांगितलं, कारण या एका दिवसाला चाळीस-पंचेचाळीस माणसं लागतात आणि त्यातली बहुतेक आसपासचीच असतात.

आता हिशेब. पुढचे आकडे पद्धत समजावी म्हणून घेतलेले आहेत. तुमच्या मूरचे आकडे मिळाले की ते घाला. शिकारीचे पैसे बंदुकवाल्यांकडून मारलेल्या ग्राउसच्या जोडीमागे घेतले जातात. जोडीला १८० पौंड धरले आणि दिवसाला १०० जोड्या, तर मूरला १८,००० पौंड मिळतात. वर २० टक्के व्हॅट जातो तो सरकारकडे. रोजंदारी अशी: २५ हाकाऱ्यांना प्रत्येकी ६० म्हणजे १,५००, ५ फ्लँकर ३००, कुत्रीवाले ६, ७० प्रमाणे ४२०, बंदूक भरून देणारे लोडर ८, ९० प्रमाणे ७२०. बेरीज २,९४०, म्हणजे दिवसाच्या उत्पन्नाचा सहावा हिस्सा. 'एका दिवसात अठरा हजार पौंड गावात येतात' असं कुणी म्हटलं, तर रोजंदारीतून थेट गावाच्या खिशात पडणारी रक्कम तीन हजारांच्या आत आहे, हे लक्षात ठेवा. मेलेल्या पक्ष्यांचे व्यापाऱ्याकडून मिळणारे पैसे या हिशेबात किरकोळ असतात.

मग उरलेले पंधरा हजार जातात कुठे? वर्षभराच्या देखभालीत, आणि तिथेच गावाचा खरा फायदा आहे. समजा तीन कीपर आहेत. पगार, घर, गाडी, क्वाड बाइक, कुत्री, इंधन मिळून प्रत्येकी ५०,००० पौंड धरले तर दीड लाख. पक्ष्यांच्या कृमींसाठीची औषधी खडी, सापळे, रस्ते आणि बटची दुरुस्ती, हेदर कापणं-जाळणं यांचे तीस हजार. एकूण १,८०,०००. रोजंदारी वजा जाता दिवसाचे १५,०६० हाती येतात. म्हणजे नुसता खर्च भागायला बारा भरलेले दिवस हवेत. बारा दिवस मिळणारी वर्षं सलग येत नाहीत. मधल्या वर्षी पाच दिवस होतात, वाईट वर्षी एकही नाही.

इथेच पुष्कळ लोक चुकीचा निष्कर्ष काढतात. मूर तोट्यात चालतो, म्हणजे तो गावाच्या कामाचा नाही, असं त्यांना वाटतं. गावाच्या बाजूने पाहिलं तर उलट आहे. ज्या वर्षी एकही दिवस होत नाही, त्या वर्षीही तीन कीपरांचे पगार होतात, आणि ते पैसे मालकाच्या बाहेरच्या धंद्यातून, बहुतेक वेळा लंडनहून किंवा परदेशातून येतात. दरीत बाहेरून येणारा हा खरा पैसा आहे. शिकारीच्या दिवसांची गर्दी डोळ्यांत भरते. गावाला आधार देतात ते बाराही महिन्यांचे पगार. म्हणून मी असा हिशेब तपासताना पहिलं विचारतो ते 'किती दिवस झाले' हे नाही, तर 'वाईट वर्षात किती कीपर ठेवले' हे.

मालक तोटा का सोसतो, हेही समजून घ्या. हौस आणि प्रतिष्ठा आहेच, पण दुसरं कारण जमिनीच्या किमतीत आहे. मूर विकताना किंमत एकरावर ठरत नाही, गेल्या दहाएक वर्षांच्या सरासरी बॅगवर, म्हणजे वर्षाला मारलेल्या जोड्यांवर, ठरते. दर जोडीमागे काही हजार पौंड. सरासरी ५०० जोड्यांवरून १,००० वर नेली की मालमत्तेची किंमत जवळपास दुप्पट होते. चांगला कीपर म्हणूनच एवढा मोलाचा. पण पक्ष्यांची संख्या सतत वाढवत नेण्याचा दबाव इथूनच येतो, आणि या धंद्यातल्या बऱ्याच वाईट गोष्टींचं मूळही तोच आहे. त्याकडे नंतर येतो.

कीपर वर्षभर करतो काय? ऑक्टोबर ते १५ एप्रिल या मुदतीत हेदरचे साधारण तीस मीटर रुंद पट्टे जाळतो किंवा कापतो, म्हणजे खायला कोवळे शेंडे आणि शेजारीच लपायला जुनं झुडूप, असं ठिगळाठिगळांचं रान तयार होतं. दिसायला ते आपल्याकडच्या राब भाजण्यासारखं वाटेल, पण इथे राखेसाठी काही नसतं, पुन्हा फुटणाऱ्या शेंड्यांसाठी असतं. आग हेदरवरून झपकन जायला हवी. खालचं शेवाळ आणि पीट पेटलं तर काम बिघडलं. योग्य वारा आणि योग्य ओल असे दिवस हंगामात मोजकेच मिळतात. खोल पीटवर जाळण्याचे नियम इंग्लंडमध्ये २०२१ पासून कडक झाले. आधी संरक्षित क्षेत्रांतल्या ४० सेंटिमीटरपेक्षा खोल पीटवर परवान्याशिवाय जाळायला बंदी आली, २०२५ मध्ये ती मर्यादा ३० सेंटिमीटरवर आली आणि क्षेत्रही वाढलं. याचा गावाशी संबंध असा की जाळण्याऐवजी ट्रॅक्टरने कापायचं झालं तर ते काम स्थानिक कंत्राटदाराकडे जाऊ शकतं. मात्र दगडाळ आणि तीव्र उतारावर यंत्र चढत नाही.

मार्चमध्ये आणि जुलैत कुत्र्यांच्या मदतीने पक्ष्यांची मोजणी होते. जुलैच्या मोजणीवर किती दिवस विकायचे ते ठरतं. कृमींसाठी औषध लावलेली खडी पेट्यांमधून ठेवतात. ग्राउस खाणं दळायला खडी गिळतोच, त्याच सवयीतून औषध पोटात जातं. पेटीला दोन कप्पे असतात, एकात औषधी खडी, एकात साधी. शिकारीआधी २८ दिवस औषधी कप्पा बंद व्हायलाच हवा, कारण पक्षी खाण्यात जातो. यासाठी पशुवैद्याची चिठ्ठी लागते. उरलेला वेळ कोल्हे, स्टोट (मुंगसासारखा छोटा शिकारी प्राणी), कावळे यांच्या मागे. या कामाचा एक फायदा ग्राउसपुरता राहत नाही. नॉर्थंबरलंडमधल्या ऑटरबर्न इथे २००० ते २००८ या काळात झालेल्या प्रयोगात, भक्षकांवर नियंत्रण ठेवलेल्या भागात कर्ल्यू, लॅपविंग आणि गोल्डन प्लोव्हर या जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांचं वीण-यश सुमारे तिप्पट आढळलं. कर्ल्यूची संख्या देशभर घसरत असताना हे मोलाचं आहे, आणि शिकारीच्या विरोधकांनी ते मोकळेपणाने मान्य करावं असं मला मनापासून वाटतं.

हॉटेल आणि पब यांच्याबाबत दावे नीट तपासा. ऑगस्टमध्ये डेल्समधल्या खोल्या तशाही भरलेल्या असतात. शिकाऱ्यांनी दहा खोल्या घेतल्या तर दहा पर्यटक दुसरीकडे गेले. गावात भर पडली ती फक्त दरातल्या फरकाची. तेच दहा जण ऑक्टोबर-नोव्हेंबरातल्या मंगळवार-बुधवारी आले तर ती सगळी कमाई नवी. शिवाय मालकाचं स्वतःचं लॉज असेल आणि स्वयंपाकी, दारू, जेवण बाहेरून येत असेल, तर पबला हाकाऱ्यांच्या संध्याकाळच्या बिअरपलीकडे फारसं मिळत नाही. तेव्हा हॉटेलवाल्याला विचारायचं ते 'शिकारी येतात का' असं नव्हे. 'सप्टेंबरनंतर आठवड्याच्या मधल्या दिवसांत किती रात्री भरतात' असं विचारा.

मेंढपाळांचं नातं गुंतागुंतीचं आहे. उत्तर इंग्लंडमध्ये अनेक मूर सामायिक चराईचे आहेत. जमीन आणि शिकारीचे हक्क मालकाचे, चारणीचे हक्क गावातल्या शेतकऱ्यांचे. हेदर टिकावं म्हणून मालकाला मेंढ्या कमी हव्या असतात, हिवाळ्यात तर नकोच. दुसरीकडे गोचिडी कमी व्हाव्यात म्हणून औषधाने न्हाऊ घातलेल्या मेंढ्या त्याला मूरवर हव्याही असतात, कारण गोचिडी त्यांच्या अंगावर चढून मरतात. काही ठिकाणी त्या औषधाचा खर्च इस्टेट, म्हणजे मालकाची जहागीर, देते. पर्यावरण योजनांचं सरकारी अनुदान कुणाच्या वाट्याला किती जातं यावरून वाद होतात. तुमच्या मूरवर ही वाटणी कशी आहे हे कळल्याशिवाय 'शेतकऱ्यांना फायदा होतो' हे वाक्य स्वीकारू नका.

सामाजिक मूल्याबद्दल आकड्यांत बोलता येत नाही, पण ते खोटं नाही. दीडदोनशे वस्तीच्या दरीत तीन कीपरांची तरुण कुटुंबं म्हणजे शाळेतली चार-पाच मुलं, आणि अशा शाळा चार-पाच मुलांवरच टिकतात किंवा बंद होतात. हाकाऱ्यांच्या रांगेत निवृत्त मास्तर, शेतकऱ्याची मुलगी, सुट्टीवरचा विद्यार्थी आणि गवंडी एकत्र चालतात. दूरदूर विखुरलेल्या वस्तीत असं एकत्र येणं दुसरीकडे फारसं घडत नाही. रानाला वणवा लागला तर पाण्याच्या टाक्या आणि सगळीकडे चढणारी वाहनं घेऊन कीपर अग्निशमन दलाच्या मदतीला येतात. वाटा, पाणी, वारा त्यांना पाठ असतात.

पण या सगळ्याला एक कमकुवत खांब आहे: घर. कीपरचं घर बहुधा नोकरीबरोबर मिळतं आणि नोकरीबरोबर जातं. मूर विकला गेला, मालकाच्या मुलाला रस नसला, तर तीन कुटुंबं काही महिन्यांत दरीबाहेर. जो आधार एका माणसाच्या मर्जीवर उभा आहे त्याची मोजदाद करताना ती मर्जीही धरायला हवी. गावात इस्टेटविरुद्ध कुणी बोलत नाही यामागे कधी कधी प्रेम असतं, कधी कधी हे घर.

आता नुकसानीची बाजू. सगळ्यात गंभीर आहे शिकारी पक्ष्यांची, म्हणजे घारी-ससाण्यांसारख्या पक्ष्यांची, बेकायदा हत्या. मार्च २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, उपग्रह-टॅग लावलेल्या हेन हॅरियर या ग्राउसची पिल्लं खाणाऱ्या शिकारी पक्ष्यांपैकी ७२ टक्के बेकायदा मारले गेल्याची खात्री किंवा दाट शक्यता असल्याचं दिसलं, आणि ग्राउसच्या मूरवर त्यांचा धोका वाढत होता. हे सगळेच मूर करतात असं नाही. पण 'एखाददुसरा नासका आंबा' म्हणून उडवून लावण्याजोगा हा आकडा नाही. स्कॉटलंडने म्हणूनच २०२४ च्या कायद्याने ग्राउसच्या शिकारीला परवाना लावला. परवाना गेला की दिवस विकता येत नाहीत, आणि जमिनीची किंमत बॅगवर असल्यामुळे ती भीती दंडापेक्षा मोठी ठरते. मला हा मार्ग योग्य वाटतो. उरलेला खर्च पसरलेला आहे: जळालेल्या किंवा पूर्वी चर खणून सुकवलेल्या पीटमधून सुटणारा कार्बन, पाण्याला येणारा तपकिरी रंग काढायला पाणी कंपनीला येणारा खर्च, खालच्या गावांवर उतरणारा धूर. यातलं तुमच्या दरीतल्या हिशेबात फारसं दिसत नाही, कारण ते शहरातला माणूस भरतो. पण तो कर देतो, आणि मूरला अनुदानही त्याच करातून मिळतं.

'शिकार बंद झाली तर काय' याचा एक नीट नोंदलेला दाखला स्कॉटलंडच्या सीमेवरच्या लँगहोमचा आहे. १९९२ ते १९९७ या काळात तिथे हॅरियरना पूर्ण संरक्षण दिलं. वीण करणाऱ्या माद्या २ वरून २० वर गेल्या, ग्राउस इतके घटले की हाक्याची शिकार थांबली आणि कीपर गेले. त्यानंतर रान हॅरियरने भरून जाईल अशी अनेकांची अपेक्षा होती. झालं उलटं: राखण संपल्यावर कोल्हे वाढले आणि जमिनीवर घरटी करणारे हॅरियरही पुन्हा बोटांवर मोजण्याइतके उरले. २००८ पासून दुसरा प्रयोग झाला, कीपर परत आले, हॅरियरना वेगळं खाणं देऊन ग्राउसची पिल्लं वाचवण्याचा प्रयत्न झाला. पक्षी सावरले, पण विकण्याइतके ग्राउस झाले नाहीत. शेवटी २०१९ मध्ये जमीन विक्रीला निघाली. २०२१ मध्ये गावातल्या संस्थेने देणग्या आणि सार्वजनिक निधी उभा करून ५,२०० एकर ३८ लाख पौंडांना घेतले, २०२२ मध्ये आणखी ५,३०० एकर, आणि तिथे टॅरस व्हॅली निसर्ग राखीव क्षेत्र उभं केलं.

लँगहोमवरून दोन गोष्टी दिसतात. कीपर नुसता काढून घेतला तर निसर्ग आपोआप सावरत नाही आणि रोजगारही आपोआप येत नाही. मधली वर्षं रिकामी जातात. आणि पर्याय उभा राहतो, पण त्याला कुणीतरी आधी पैसे घालावे लागतात. तुमच्या गावात 'पर्यटन येईल' म्हणणाऱ्यांना म्हणून विचारा: रेंजरचा पगार कोण देणार, कुठल्या महिन्यापासून, आणि तो कुठल्या घरात राहणार?

देशपातळीवरचे आकडेही ऐकायला मिळतील. इंग्लंड-वेल्ससाठी नेहमी सांगितला जाणारा आकडा सुमारे ६.७ कोटी पौंड आणि १,५२० पूर्णवेळ नोकऱ्यांइतकं काम असा आहे. तो मूरमालकांच्या बाजूने आलेला आहे. ब्रिटनच्या अर्थव्यवस्थेत ही रक्कम नगण्य. एका दरीत तीन पगारही फार मोठे. दोन्ही विधानं एकाच वेळी खरी आहेत, म्हणून राष्ट्रीय आकड्याने गावातला वाद मिटत नाही.

तुम्ही इस्टेटच्या व्यवस्थापकाकडून गेल्या दहा वर्षांचं एक साधं कोष्टक मागा: दर वर्षी शिकारीचे दिवस, वर्षभराचे कीपर, त्यातले दरीत राहणारे, रोजंदारीवरची माणसं. दहा वर्षं यासाठी की ग्राउसची संख्या काही वर्षांच्या चक्राने वर-खाली होते. दोन-तीन वर्षं घेतली तर हवं ते उत्तर सिद्ध करता येतं. त्याशेजारी दोन ओळी स्वतः भरा: वाहनं, चारा, बांधकाम साहित्य कुठून घेतलं, आणि मूरवर सार्वजनिक अनुदान किती आलं. अनुदानाची रक्कम बाकीच्या खर्चात मिसळू नका, कारण ती शिकार नसतानाही त्या जमिनीला मिळू शकते.

वेळही नीट निवडा. मार्च-एप्रिलमध्ये कीपर जाळण्यात आणि कोल्ह्यांच्या मागे असतो, मे-जूनमध्ये पिल्लं असतात म्हणून त्याला मूरवर माणसं नको असतात, जुलैत मोजणी, ऑगस्टपासून हंगाम. १० डिसेंबरनंतरचा पंधरवडा त्यातल्या त्यात मोकळा. तेव्हा कीपरला भेटा, कुत्रं घरी ठेवून जा, आणि आकड्यांच्या आधी त्याच्या घराचा करार किती मुदतीचा आहे ते विचारा.